शेवंते, तुझे तीस सेकंद

शेवंते,

तू गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या मनात सगळ्यात आधी काय आलं, ते आधी सांगून टाकते. ते लपवून पुढचं लिहायला बसले तर पुन्हा खोटंच लिहीन. रडू नंतर आलं. त्याच्या क्षणभर आधी मनात आलं, की आता हिचा आकडा कधीच खाली येणार नाही.

माणूस जगलं की त्याचे दंड सैल पडतात, खांदे कुरकुरायला लागतात आणि एक दिवस त्याच्या जोराचा आकडा उतरतो. माझा उतरतोच आहे. तुझाही उतरला असता. मी त्याची वाट बघत होते गं. चार वर्षं लागली असती, सहा लागली असती, पण एक दिवस सरांनी यंत्राकडे बघून मान हलवली असती आणि मी तुला म्हणाले असते, "असू दे शेवंता, वय होतं सगळ्यांचं." ते वाक्य मी तयार ठेवलं होतं. तू एकोणतिसाव्या वर्षी निघून गेलीस आणि माजलगावच्या कॉलेजातल्या व्यायामशाळेत, भिंतीवरच्या तक्त्यात, सगळ्यात वरच्या ओळीत तुझं नाव कायमचं बसलं.

लोक मला तुझी मैत्रीण म्हणतात. तू गेल्यापासून चार जणांनी माझ्याकडे येऊन "तुमची जोडी फुटली" म्हणून डोळे पुसले. मी मान हलवते. जोडी होतीच. पण त्या जोडीत मी काय होते, ते तुला आणि मलाच माहीत आहे.

तुला भेटायच्या आधी मी तुला पाहिलं होतं. आमच्या दिंद्रुडच्या घरात, बैठकीच्या भिंतीवर. आबा, माझे वडील, तेव्हा जिल्ह्याच्या राजकारणात होते. कुठल्याशा शिबिरात त्यांच्या हस्ते अपंगांना हाताने चालवायच्या तीनचाकी सायकली वाटल्या, त्याचा फोटो पेपरात आला होता. तो त्यांनी चौकटीत घालून लावला होता. फोटोत सायकलीवर तू. दोन वेण्या, दात दाखवून हसणारी, अंगात कुणाचा तरी मोठा सदरा. आबांचा हात तुझ्या डोक्यावर.

मी दहा महिन्यांची असताना मला पोलिओ झाला, दोन्ही पाय गेले. घरात कशाची कमी नव्हती. खुर्ची होती, मास्तर घरी येऊन शिकवायचे, नंतर मागे दोन जादा चाकं लावलेली स्कूटर आली. पण बैठकीत माणसं आली की आई माझी खुर्ची आतल्या खोलीत ढकलायची. "लोक विचारतात, मग त्यांना वाईट वाटतं," म्हणायची. वाईट कुणाला वाटायचं ते मला कळायचं. आबांनी माझ्याही डोक्यावर हात ठेवला असेल कधीतरी. त्याचा फोटो नाही एवढंच. चहाचे कप आत येताना दार उघडायचं आणि त्या फटीतून तू दिसायचीस. हसत असायचीस. शेवंते, मला तुझं नाव माहीत नव्हतं, पण हेवा तेव्हापासूनचा आहे.

मग कॉलेजात सर भेटले. शारीरिक शिक्षण शिकवायचे आणि त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट होती. ते म्हणायचे, अपंग माणूस किती दमतो हे सगळे विचारतात, त्याच्यात जोर किती आहे हे कुणी मोजत नाही. त्यांनी कुठून कुठून सामान जमवून एक यंत्र उभं केलं होतं. टेबलावर पक्की बसवलेली सायकल, पायडलांच्या जागी हातात धरायच्या दोन मुठी. आपल्या वजनाच्या मानाने चाकाला ओझं लावायचं, छातीला आणि पायांना पट्टे बांधायचे, आणि सरांनी "चल" म्हटलं की तीस सेकंद जीव खाऊन मुठी फिरवायच्या. पहिल्या पाच सेकंदांत जोर कुठवर चढतो, तीस सेकंदांत सरासरी किती निघतो आणि शेवटी किती गळतो, हे संगणकाच्या पडद्यावर उमटायचं.

"हा दमसास नाही," सर समजावून सांगायचे. "दळण दळणं वेगळं आणि जात्याची तळी उचलणं वेगळं. श्वास पोहोचायच्या आत अंगात साठलेला जो जोर निघतो, तो आपण मोजतो."

मी पहिलीच. माझा आकडा पहिले पाच महिने सगळ्यांत वर होता. बायकांमध्येच नाही, दोन-तीन पुरुषही खाली होते. आयुष्यात पहिल्यांदा मी कशाततरी वर होते आणि ते भिंतीवर लिहिलेलं होतं. घरी सांगितलं. आबा म्हणाले, "बरं झालं." आणि फोनवर बोलायला लागले.

त्याच महिन्यात तू आलीस.

तुझे वडील तुला पाठीवर घेऊन बस स्टँडपासून चालत आले होते. डोक्याला फेटा, खांद्यावर घोंगडी, आणि पाठीवर तू, माणसं मोजत, पाट्या वाचत. दारातून आत येताच तू विचारलंस, "ती हाताची सायकल कुठं हाय?" उमापूरपासून एवढ्या लांब तू आली होतीस ती फक्त कुणीतरी सांगितलं म्हणून, की माजलगावात एक मास्तर लंगड्यांच्या हातातला जोर मोजतो.

तुला मी लगेच ओळखलं. सदरा आता तुझ्या मापाचा होता.

पट्टे बांधताना तुला हसू आवरेना. सरांनी "चल" म्हटलं आणि तुझे खांदे फिरायला लागले. मी अशी फिरणारी मूठ पुन्हा कधी पाहिली नाही. आणि कोपऱ्यात उभे असलेले तुझे वडील, तुझे दादा, जे तोवर भिंतीला टेकून अंग चोरून उभे होते, त्यांनी एकदम शेरडं हाकतात तशी आरोळी दिली. "हुर्र्र! हाऽऽ! हुर्र्र!" सगळी व्यायामशाळा हसली. तू हसली नाहीस. तू आणखी जोरात फिरवलंस.

सरांनी पडद्याकडे दोनदा बघितलं. मग माझ्याकडे. त्यांनी माझ्याकडे बघायला नको होतं.

"ताई, तुमचा किती आला व्हता?" तू धापा टाकत विचारलंस.

"तुझ्यापेक्षा कमी."

"मंग पुन्यांदा करा की! मपलं काय, मला चढाची सवय हाय. आमच्या वस्तीवर जायला लई चढ हाय, आन् सायकलीची साखळी निसटती. थांबलं की गाडी मागं. मंग एका दमात काढावं लागतं."

तुझ्या मनात काहीच नव्हतं. तेच मला सहन झालं नाही. कुणी हरवलं तर निदान त्याला ते कळावं तरी.

नंतरच्या दिवसांत आपण बोलायला लागलो. फोनवर जास्त. "ताई" गेलं, "विजे" आलं. चौदाव्या वर्षी शेळ्यांना पाला तोडायला तू कडुलिंबावर चढली होतीस, फांदी मोडली आणि मणका गेला, हे तू मला भाजी निवडत सांगावं तसं सांगितलंस. आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "तुला चौदा वर्षं तरी पाय होते."

दुसरी कुणी असती तर फोन ठेवला असता. तू म्हणालीस, "व्हय. म्हणून तर मला ठाव हाय काय गेलं. तुला ठावच न्हाई. मंग बरं कुणाचं?"

हे भांडण आपण आठ वर्षं भांडलो. मी म्हणायचे, चाललेल्याला आठवणी तरी असतात. तू म्हणायचीस, आठवणीच बेजार करतात, सपनात अजून पळते अन् उठून बसायला जाते. मी म्हणायचे, मला तर सपनातसुद्धा पळता येत नाही, खुर्चीच असते. मग तू गप्प व्हायचीस, आणि मला वाटायचं, निदान हे मी जिंकले. दुसऱ्या दिवशी तू पुन्हा सुरू. "मी इचार केला विजे. तुपलं बरुबर न्हाई." त्याचा निकाल लागला नाही. आता मला कुणीही "तुपलं बरुबर न्हाई" म्हणत नाही, शेवंते. ऑफिसात सगळे माझं बरोबरच आहे म्हणतात.

आता ते सांगते जे सांगायचं आहे.

राज्याच्या शिबिरासाठी पुण्याला एक मुलगी पाठवायची होती. तिथे शर्यतीची खुर्ची मिळणार, शिकवणारे मिळणार, पुढे स्पर्धा. कमी अंतराच्या शर्यतीसाठी जिचा झटक्याचा जोर जास्त तीच जाणार, हे सरांनी स्पष्ट सांगितलं होतं. आपली दोघींची पुन्हा चाचणी ठरली. संध्याकाळपर्यंत नाव कळवायचं होतं.

आदल्या दिवशी सरांचा मला फोन आला. "शेवंताचा फोन लागत नाही. तिला सांग, चाचणीच्या आधी दोन-तीन तास काही खायचं नाही. भरल्या पोटी एवढा जोर लावला की मळमळतं, चक्कर येते. विसरू नकोस."

मी म्हणाले, "सांगते, सर."

थोड्या वेळाने तूच फोन केलास. उंच टेकाडावर जाऊन, रेंज शोधत. वाऱ्याचा आवाज येत होता. "विजे, पहाटंच्या बसनं निघतोय. काय ध्यानात ठेवायचं हाय का?"

"काही नाही," मी म्हणाले. "वेळेवर ये."

एवढंच. मी खोटंही बोलले नाही, असं मी स्वतःला रात्रभर समजावलं.

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या आवारात चिंचेखाली दादांनी भाकरी बांधलेला धडपा सोडला. बाजरीच्या भाकरी, लसणाची चटणी, मडक्यातलं दही. तासाभरात चाचणी होती. मी समोर माझ्या गाडीवर बसले होते.

"खा," दादा तुला म्हणाले. "एवढ्या लांबून आलीस. पोटात असलं तर हातात यील."

तू माझ्याकडे बघितलंस. "खाऊ का गं विजे? का नको?"

तू विचारलंस. हे मी कितीदा आठवून पाहिलं आहे. प्रत्येक वेळी तू विचारतेसच.

"खा की," मी म्हणाले. "लांबचा प्रवास झालाय."

तू दोन भाकरी खाल्ल्यास. दही वरपलंस. दादांनी मलाही चतकोर दिली, दह्यात बुडवून. मी म्हणाले, माझं पोट भरलंय. खरं तर मी सकाळपासून पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं.

आधी माझी चाचणी झाली. चांगली झाली, पण पडद्याकडे बघूनच कळलं, तुझ्या पहिल्या आकड्याच्या जवळपासही नाही. मग तू बसलीस. पहिली दहा सेकंदं तू मला मागे टाकलंस, स्वतःलाही मागे टाकलंस. दादांची आरोळी सुरू झाली. पंधराच्या पुढे तुझा चेहरा पांढरा पडायला लागला. ओठ घट्ट मिटलेले. तू थांबली नाहीस. वीसच्या सुमाराला तुला उलटी झाली, अंगावर, यंत्रावर, आणि तरी तुझा उजवा हात मूठ फिरवतच होता. सर ओरडले, "थांब!" तुझी मान एका बाजूला कलली. त्यांनी पट्टे सोडले, तुला आडवं केलं, पाय उंच धरायला लावले, तोंडावर पाणी मारलं.

शुद्धीवर येताच तू म्हणालीस, "सर, मी पुन्हा करते."

"आज नाही," सर म्हणाले. "आज अजिबात नाही."

मग ते दादांकडे वळले. रागावले नव्हते, पण आवाज चढला होता. "असं खायला घालायचं नसतं हो चाचणीच्या आधी." दादा हातातला फेटा पिळत उभे राहिले. बाजूला नेऊन सरांनी मला विचारलं, "निरोप दिला होतास ना?"

"दिला होता, सर."

सरांनी सुस्कारा सोडला. "ऐकत नाहीत ही माणसं."

मी पुण्याला गेले.

तिथलं सगळं तुला सांगितलंच होतं मी. शर्यतीची खुर्ची, हाताला बांधायचे मोजे, पहाटेचा सराव. जिंकले काहीच नाही, एकदा चौथी आले. पण प्रमाणपत्रं मिळाली आणि परत आल्यावर माजलगावला सरकारी नोकरी लागताना ती कामाला आली. आबांनी आता माझाही फोटो लावला. पुण्याच्या मैदानावरचा. बैठकीत, तुझ्या शेजारी.

आणि मला काय मिळालं नाही ते ऐक. मी दोन वर्षांनी परत आले तेव्हा व्यायामशाळेत तू होतीस. सरांनी तुला मदतीला घेतलं होतं. तू उमापूर, गेवराई आणि आसपासच्या गावांतून माणसं शोधून आणायचीस. ऊसतोडीत हात गेलेला एक तरुण, जन्मापासून आंधळी एक बाई, घरातून कधी बाहेर न पडलेली पोरं. ज्यांच्या घरी सर गेले तर दार लावून घ्यायचे, त्यांच्या ओसरीला तू तीनचाकी लावायचीस आणि म्हणायचीस, "चला, तुमचा जोर मोजू." लोक हसायचे. मग यायचे. मुठी फिरवणाऱ्याच्या कानाशी तू ओरडायचीस, "अजून! अजून! सोडू नगा!" आणि ज्यांना आयुष्यभर 'जपून' हाच शब्द ऐकू आला होता, ती माणसं घामाघूम होऊन, लाल तोंडाने हसायची.

माझ्याकडे पुण्याची प्रमाणपत्रं होती आणि सगळे "शेवंताबाई कुठे?" विचारायचे. एकदा माझ्या आईनेच विचारलं, "ती शेवंता येत नाही का गं घरी? गोड पोर आहे." आमच्या घरी तुला बैठकीतच बसवलं होतं. आत नाही ढकललं.

मी म्हणाले, आपण पुन्हा चाचणी करू. दोघी. मला वाटलं, दोन वर्षं पुण्यात घाम गाळलाय. त्या दिवशी तुझं पोट रिकामं होतं. तुझा जो आकडा आला तोच आज तक्त्यात आहे. माझा त्याच्या बराच खाली.

पट्टे सोडताना तू माझ्याकडे न बघता विचारलंस, "विजे, तवा तुला ठाव व्हतं का गं? खायचं नसतं म्हणून?"

सरांकडे काम करताना तुला नियम कळलाच असणार. निरोपाचंही कळलं असणार. तू दोन वर्षं ते मनात ठेवून माझ्याशी फोनवर हसत बोलत होतीस.

"न्हाई," मी म्हणाले. "मला कुठं ठाव होतं."

तू मान वर केलीस. क्षणभर बघितलंस.

"बरं," म्हणालीस, आणि पट्टे गुंडाळून खुंटीला लावलेस.

पुन्हा कधी विचारलं नाहीस. सरांनाही सांगितलं नाहीस. मला किती बरं वाटलं असतं, तू चिडली असतीस तर, चार गावांत बोंब केली असतीस तर. मग आपण दोघी सारख्या झालो असतो. ती सोय तू मला दिली नाहीस. तुझ्या त्या 'बरं'चा मला तुझ्या आकड्यापेक्षा जास्त हेवा वाटत आला.

मणका मोडलेल्यांना लघवीचा त्रास चुकत नाही, तुलाही चुकला नाही. दरवेळी तू ताप अंगावर काढायचीस, कारण शनिवारी कुणाची तरी चाचणी असायची. या वेळी ते किडनीपर्यंत गेलं. बीडच्या दवाखान्यात मी दुपारी आले तेव्हा तुझे दंड चादरीवर ठेवलेले होते आणि ते माझ्या दंडांपेक्षा बारीक दिसत होते. मला लाज वाटली, कारण मी ते बघितलं. एवढ्या वेळीही मी तेच बघितलं.

"विजे," तू म्हणालीस, "नवी पोर आली हाय एक. जोर लावताना तोंड वाकडं होतं म्हणून लाजती, मंग जोरच लावंना. तिला म्हणावं, तीस सेकंद कुणी तोंड बघत न्हाई."

मी "सांगते" म्हणाले. तुझ्या चेहऱ्यावर काही उमटतं का ते पाहत राहिले. काही उमटलं नाही. तुझा माझ्यावर विश्वास होता की तू तो नव्याने टाकत होतीस, मला कळलं नाही. बोलायची तीच वेळ होती. नर्स आली, सलाईन बदललं, तुझा डोळा लागला. मी अर्धा तास बसले आणि उठले.

तो निरोप मी त्याच संध्याकाळी दिला.

काल तुझा दहावा होता. विधी आटोपल्यावर माणसं पांगली. शेरडांच्या वाड्याच्या कुडापाशी बाभळीच्या सावलीत दादा एकटे बसले होते. डोक्याचा तुळतुळीत गोटा, फेटा मांडीवर. मी गाडी जवळ घेतली.

"ये लेकी," ते म्हणाले. "सावलीत घे. जेवलीस का?"

मला वाटलं होतं, मी शब्द जुळवून बोलेन. पण त्यांनी जेवलीस का विचारलं आणि ते तसंच तोंडातून पडलं. सरांचा फोन. तुझा फोन. चिंचेखाली तू विचारलंस ते आणि मी बोलले ते. "मुद्दाम केलं दादा. मला जायचं होतं पुण्याला."

 एक करडू येऊन दादांच्या गुडघ्याला अंग घासत होतं, त्याला त्यांनी हाताने बाजूला केलं.

"दोन भाकरी," ते म्हणाले. "तिसरी बी मोडून ठिवली व्हती म्या."

त्यांनी मांडीवरचा फेटा उलगडला.

"सर म्हणले, असं चारायचं नसतं. तवापासून म्या तिच्या म्होरं कदी ताट वाढलं न्हाई. तिची माय वाढायची. म्हणायची, कावून तुमी वाढंना, लेक वाट बघती. म्या म्हणायचो, मपल्या हाताला गुण न्हाई."

शेवंते, मला हे माहीत नव्हतं. देवाशपथ नव्हतं. मला वाटत होतं, मी तुझं काही घेतलं आणि हिशेब आपल्या दोघींतला आहे. तिसरं माणूस आठ वर्षं ते खांद्यावर घेऊन शेरडांमागं फिरत होतं, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

"तिला ठाव व्हतं?" दादांनी विचारलं.

"असेल. तिनं मला विचारलं होतं एकदा. मी नाही म्हणाले."

त्यांनी मान हलवली, हळूहळू, काहीतरी जुळल्यासारखी. "मला सांगायची, दादा, भाकरीनं न्हाई झालं, छातीचा पट्टा आवळ बसला व्हता. लई येळा सांगायची. मला वाटायचं, बापाचं मन राखाया खोटं बोलती."

मग ते उठले. फेटा झटकला.

"तुमी निघा आता," ते म्हणाले. "ऊन चढाया लागलंय."

तुमी. पहिल्या दिवशी मी त्यांच्यासाठी आबांची लेक होते, तेव्हा तुमी होते. मग कधीतरी तू झाले, लेकी झाले. माझ्या घरात मला कुणी 'लेकी' म्हणून हाक मारत नाही, ती हाक मला तुझ्या बापाकडून मिळाली होती, तुझ्या वाट्यातली. काल ती त्यांनी परत घेतली. आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. करडू उचललं आणि कुडाच्या आत गेले.

खरं सांगू? गाडी चालवत येताना मला अपराधी वाटायला हवं होतं, वाटतही होतं. पण त्याच्याही वर हेवाच होता. तुझ्या बापानं तुझ्यासाठी आठ वर्षं स्वतःचा हात आखडून घेतला आणि तू त्याच्यासाठी पट्ट्याचं खोटं बोललीस. दोघांनी एकमेकांना जपलं. माझ्यासाठी असं खोटं बोलणारं माणूस मला शोधूनही सापडत नाही. होतं एक, ते तूच होतीस. सरांपुढे तू माझं नाव घेतलं नाहीस, तेही खोटंच की.

आज सकाळी सरांना सांगितलं.  ते म्हणाले, "त्या माणसाला मी तिच्यादेखत बोललो गं." आणि खुर्ची भिंतीकडे वळवून बसले. ते उमापूरला येतो म्हणाले, दादांची माफी मागायला. सोबत येतेस का असं त्यांनी विचारलं नाही, येऊ का असं मीही विचारलं नाही.

परवा तेरावा आहे. निघताना तुझ्या आईने दारातून हाक मारून सांगितलं होतं, "येशील न्हवं विजू?" तिला अजून काही कळलेलं नव्हतं, मी "येते" म्हणाले. आता दादांनी सांगितलं असेल. तरी मी येणार आहे, शेवंते. वस्तीच्या चढाखालीच गाडी थांबवीन. वर ये म्हणाले तर येईन. नाही म्हणाले तर पंगत उठेपर्यंत तिथेच बसेन, उन्हात बसावं लागलं तरी.